कानस न लावता

४ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. अठरा वर्षांनी लिहिलेल्या पत्राचं पाकीट तरी नीट चिकटवायचंस. एक कड उघडीच होती. वाटेत कुणी वाचलं असेल तर त्याला पूर्ण कळलं असेल अशी आशा करते, मला अर्धंच कळलं.

कळलं ते असं. तू अंतराळातला सिनेमा काढतो आहेस. त्यात माझ्या लेकीनं मोठं काम करावं अशी तुझी इच्छा आहे. तिनं होकार दिला आहे, आणि पाणीखात्यात ती मीटर दुरुस्त करते तिथून महिन्याभराची रजाही घेऊन ठेवली आहे. म्हणजे सगळं ठरलं आहे. मला पत्र आलं ते फक्त "ताईच्या हातचा साचा हवा" म्हणून.

मी तिला विचारलं, "मामाशी तुझं कधीपासून चालू आहे?" उजव्या हातानं बशी धुवून डाव्या कोपराच्या बेचक्यात धरत ती म्हणाली, "चार वर्षं. पत्रं ऑफिसात येतात." "मला सांगितलं का नाहीस?" "तू विचारलं नाहीस." हे उत्तर द्यायला तिला कुणी शिकवलं ते विचारत नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलतोस आणि नंतर काय बोलला होतास ते विसरतोस. कागदावर माणूस सापडतो.

तू विसरला असशील म्हणून आठवण करून देते. ती सहा वर्षांची होती आणि तिच्या शाळेच्या संमेलनात तू नाटक बसवलं होतंस. एका हाताचा यंत्रमानव ग्रहावर एकटा हिंडतो, त्याला कुणी खेळायला घेत नाही, आणि शेवटी शास्त्रज्ञ त्याला चंदेरी हात बसवतो. पुठ्ठ्याचा हात, वर चॉकलेटचे कागद. हात बसला, दिवे लागले, अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. घरी येऊन मी तो सोडवायला लागले तर ती मागं सरकली. म्हणाली, "नको ना काढूस. टाळ्या थांबतील."

त्यानंतर मी तुला घरात घेतलं नाही. तुझे भावजी गेले तेव्हा तू पायरीपर्यंत आलास आणि मी दार लावून घेतलं. त्याचं मला काय वाटतं, हा या पत्राचा विषय नाही.

विषय सिनेमा आहे. मी एकतीस वर्षं कृत्रिम हातपाय केले. दवाखान्यामागच्या आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत टीव्ही लागायचा आणि मापं द्यायला आलेली माणसं तुमचे अंतराळाचे सिनेमे बघत बसायची. मी ते त्यांच्या शेजारी बसून पाहिले आहेत. वाईट माणसाचा हात लोखंडी असतो. चांगल्या माणसाचा तुटला तर पुढच्या प्रसंगात नवा येतो, तोही पहिल्यापेक्षा सरस. आंधळ्या बाईला भविष्य दिसतं. नुसतीच आंधळी, घरी भाजी निवडणारी बाई तुमच्या आकाशात राहत नाही. आणि ज्याचं काहीच दुरुस्त होण्यासारखं नसतं तो संपायच्या दहा मिनिटं आधी इतरांसाठी जीव देतो, म्हणजे त्याचं पुढं काय करायचं हा प्रश्न मिटतो. एकदा एक ट्रकचालक पाय मापाला देऊन बसला होता. म्हणाला, "बाई, मला त्या ग्रहावरच पाठवा. तिकडं एका गाण्यात पाय बसतो, तुमच्याकडं तीन महिन्यांची रांग." सगळे हसले. मीही हसले, पण लक्षात ठेवलं.

पत्रासोबतची तुझी सिनेमाची पानं वाचली. अठ्ठेचाळीस आहेत. तिला सगळे कप्तान म्हणतात, ती दुसऱ्या ग्रहावरच्या एका गावचं पाणीयंत्र सांभाळते, यान उतरतं, पाहुणा बाहेर येतो आणि तिचा हात बघून थबकतो. इथं पानं संपतात. खाली बारीक अक्षरात "एकूण साठ" असं आहे. उरलेली बारा कुठं आहेत? आणि हातच बसवायचा नसेल तर साचा कशाला लागतो? मी या धंद्यात म्हातारी झाले आहे. साचा घेतात तो त्यावर काहीतरी बसवायला.

बारा पानं आधी. साचा नंतर.

ताई


२० जानेवारी

धाकट्या,

पानं आली नाहीत. त्याऐवजी तुझं चार ओळींचं पत्र आलं: "ताई, शेवट कागदावर वाचून कळणार नाही, पडद्यावर बघ. विश्वास ठेव." हे शेवटचे दोन शब्द तू खोडून पुन्हा लिहिले आहेस. पहिल्यांदा काय लिहिलं होतं ते उजेडाला धरून बघितलं, लागलं नाही.

लेकीला विचारलं, "शेवटी हात बसवतात का तुला?" म्हणाली, "बघशील तेव्हा कळेल." तुमच्या दोघांचं शिकवून ठेवल्यासारखं एकच उत्तर.

तरी साचा पाठवते आहे. तिनं माझ्याकडं काही मागितलं त्याला पाच वर्षं झाली. एकोणिसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या दिवशी, तिनं मी केलेला हात टेबलाच्या खणात ठेवला आणि तशीच कामावर गेली. तेव्हापासून मापाचा विषय घरात निघाला नव्हता. रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठसा घेतला. नेहमीसारखा हातावर पातळ सुती मोजा, त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या, सुकल्यावर कापून काढलं, त्यात प्लास्टर ओतलं. वरचा ठसा फोडून टाकला, तो ठेवत नाहीत. आत निघतो तो साचा.

चांगला निघाला आहे. पेटीत भुसा भरला आहे. तुझ्या माणसांना सांग, वरून धरून उचलायचा, टोकाकडून नाही.

ती उद्या सकाळी निघते. तिला एकटीला गर्दीत उभं करून सगळे आ वासून बघताहेत असलं काही चित्रित केलंस तर मला कळेल. ती सांगणार नाही. पण मला कळेल.

ताई


११ फेब्रुवारी

धाकट्या,

गुरुवारी दुपारी ती परत आली. दाराशी बॅग ठेवली आणि म्हणाली, "तीस हात केले त्यांनी. एकही माझा नाही." आत गेली. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. कामावर जाते, येते, जेवते, ताट धुते. मी काही विचारलं तर रेडिओ मोठा करते.

मला वाटलं, केलंस तू शेवटी. चंदेरी हातच बसवलास. तुला काय काय लिहायचं ते मनाशी जुळवत होते, तेवढ्यात शनिवारी तुझं पाकीट आलं. या वेळी चारी बाजूंनी चिकटवलेलं, आत पत्र आणि बारा पानं.

म्हणजे त्या गावात सगळ्यांचेच हात तिच्यासारखे. पाववाला, शिक्षिका, न्यायाधीश, सगळ्यांचा डावा हात कोपरापुढं चार बोटांच्या अंतरावर संपणारा. तिथलं दार, तिथलं भांडं, पाण्याची कळ, सगळं त्या हाताला सोयीचं. आणि दोन हातांचा पाहुणा थबकतो तो एकटाच वेगळा आहे म्हणून. लोक त्याच्याकडं कळवळून बघतात. एक म्हातारी त्याला विचारते, "बाळ, एवढ्या बोटांचं ओझं होत नाही का रे?" मी हसले नाही. पण ते पान दोनदा वाचलं.

तर साचा तिच्यावर काही बसवायला नव्हताच. तो इतर तीस जणांना तिचा हात द्यायला होता. त्यांचा खरा हात कपड्याआड बांधायचा आणि बाहेर रबराचा, तिच्या हाताच्या साच्यातून काढलेला.

आता तू विचारतोस, "ताई, तिचे दाणे कुठं गेले?"

तू तिला कडेवर घेऊन हिंडला आहेस, तुला ठाऊक आहे. तिच्या हाताच्या टोकाला पाच दाणे आहेत, मसुरीएवढे, बोटं व्हायची राहिलेली. तुझ्या तीस हातांना ते नाहीत. तीसही गुळगुळीत, बाटलीच्या बुडासारखे. ती त्या माणसांच्या रांगेत उभी राहिली, आणि तुझी रंगभूषा करणारी बाई कौतुकानं म्हणाली, "कप्तान, तुमचाच तेवढा वेगळा दिसतोय हो! वरून थोडं रबर थापून सारखा करून देऊ?" त्यावर ती हसली, पाणी प्यायली, आणि बॅग भरली. असं तू लिहिलं आहेस.

तुझ्या प्रश्नामागचा वास मला येतो. मी मुद्दाम केलं का, असं तुला म्हणायचं आहे.

तर नीट ऐक. आमच्या कामात साचा जसा निघाला तसा कधीच वापरत नाहीत. त्यावर हात किंवा पाय अडकवायची खोबण बनते. मऊ भाग असतो तिथं साचा कानशीनं घासायचा, म्हणजे खोबण घट्ट बसते. जिथं हाड टोचेल, दुखेल, तिथं प्लास्टरचा थर चढवायचा, म्हणजे खोबणीत तिथं जागा राहते. दाणे नाजूक असतात. त्यांच्यावर थर चढतोच. एकतीस वर्षांत मी हजारो साचे असेच दुरुस्त केले. माझे हात ते आपोआप करतात, जसं तू बोलताना मान हलवतोस. साचा हवा म्हणालास, दुरुस्त न केलेला हवा असं म्हणाला नव्हतास. आणि कशाला हवा ते तर लपवूनच ठेवलंस. आधी सांगितलं असतंस तर हे झालं नसतं. दोष वाटायचाच असेल तर सारखा वाटू.

तुझ्या कारागिरांपैकी एकानंही तिच्या हाताकडं बघून साचा पडताळला नाही? काय माणसं ठेवली आहेस.

ताई


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

मागच्या पत्रात मी लिहिलं ते सगळं खरं आहे. कानशीचं, थराचं, हजारो साच्यांचं. कुठल्याही कारागिराला विचार. फक्त माझ्या बाबतीत ते खरं नाही.

घासायचं काम हातांनी आपोआप केलं, ते खरं. पण दाण्यांपाशी येऊन मी थांबले होते. मोज्यावरून ठसा घेतला तरी ते पाच उठले होतेच. वाटीत प्लास्टर कालवलेलं होतं. यावर खोबण व्हायची नाही हे मला ठाऊक होतं. निदान होईलच अशी खात्री नव्हती, आणि खात्री नसेल तर विचारायची माझी सवय आहे. ती बाहेरच्या खोलीत बॅग भरत होती. हाक मारून विचारता आलं असतं. नाही विचारलं. मनात आलं, सिनेमाच्या त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर हे दाणे सुपाएवढे दिसतील आणि अंधारात कुणीतरी "ई" करेल. म्हणून झाकले. बोटानं गुळगुळीत केलं. आणि तुला लिहिलं, चांगला निघाला आहे.

आता एवढं लिहिलंच आहे तर पुढचंही. तुझ्या त्या संमेलनानंतर आठव्या दिवशी मी तिला पहिला हात केला. कातडीच्या रंगाचा, नखांसकट, चार नखांवर चंद्रकोर काढलेली. तुझा पुठ्ठ्याचा होता, माझा टिकाऊ होता. वाढत्या अंगाचं मूल म्हणून दीड-दीड वर्षानं नवा. तेरा वर्षं. त्यानं ती पेन्सिल धरू शकायची नाही की वेणीही घालू शकायची नाही, नुसता लोकांना दिसायचा. तिनं तक्रार केली नाही. घरात शिरल्याबरोबर काढायची, चप्पल काढावी तसा, आणि मी म्हणायचे, "राहू दे की थोडा वेळ, कुणी येईल." तुला मी अठरा वर्षं बाहेर ठेवलं ते बहुतेक तू आधी केलंस म्हणून.

हे वाचून मला फोन करू नकोस.

तुझी बारा पानं पुन्हा वाचली. हात बसवत नाहीस, तिला मारत नाहीस, तिला भविष्यही दिसत नाही. पाहुणा हळूहळू एका हातानं दार उघडायला शिकतो. बरं आहे. पण शेवटी त्याचं यान परत जातं आणि ती तिथंच राहते, टेकडीवरून हात हलवते. तुझ्या पत्रात तू लिहितोस, "ताई, तिथं तरी तिच्याकडं कुणी वळून बघत नाही." हेच मला खटकतं. तिला आपली म्हणायचं तर आधी पृथ्वी सोडायला लावायची? इथं पाणीखात्यात तिच्यापुढं रोज चाळीस माणसं रांग लावतात. त्यातली दहा हाताकडं बघतात, तीस आपल्या मीटरकडं बघतात. ही तीस माणसं तुला या जमिनीवर सापडली नाहीत, म्हणून दुसऱ्या ग्रहावर रबराची करावी लागली. यानात एक जागा वाढव. तिला इथं उतरव. इथल्या नळाची कळ तिला किती उलटी पडते ते दाखव, आणि तरी ती कळ कशी फिरवते तेही. ते बघायला मी तिकीट काढेन.

पण ते नंतर. आधी ती परत आली पाहिजे. दहा मार्चपर्यंत तू यानातले प्रसंग उरकतोस आणि गाव थांबवून ठेवतोस, असं लिहिलं आहेस. त्यानंतर तुला दुसरी मुलगी बघावी लागेल. मी हे पत्र टेबलावर उघडं ठेवून भाजी आणायला गेले होते. आले तेव्हा ते तसंच होतं, पण पेन डाव्या बाजूचं उजव्या बाजूला गेलं होतं. ती वाचून गेली असेल.

ताई


२ मार्च

धाकट्या,

काल रविवार होता. मी कपडे वाळत घालून आत आले तर तिनं टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरली होती. बादलीत कोमट पाणी, पट्ट्यांची गुंडाळी, कात्री. खुर्चीवर बसून हात पुढं ठेवला होता.

मी बाही वर केली, मोजा काढायला खण उघडला.

"मोजा नको," ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी बोललेले दोन शब्द. मी म्हटलं, "मोज्याशिवाय प्लास्टर कातडीला धरतं."

"व्हॅसलीन लाव."

"कानस कुठं गेली? खणात नाही."

"मी बसले आहे तिच्यावर."

खरंच बसली होती. मांडीखालून कानशीची मूठ बाहेर आली होती. म्हटलं, "टोचत नाही का?"

"टोचते. तुझं होईपर्यंत बसणार."

तुला ती कुणावर गेली आहे याबद्दल काही बोलायचं असेल तर बोलू नकोस.

मी व्हॅसलीन घेतलं. कोपरापासून खाली लावत आले. मग दाणे. मोज्याशिवाय मी तिथं कधी काम केलं नव्हतं. लहानपणी अंघोळ घातली असेल तेवढंच. त्यानंतर नेहमीच मोजा, मोज्यावर पट्टी, पट्टीवर माझा हात. एकेका दाण्याला बोट लावत गेले. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याला बोट लागलं आणि ती खुर्चीतून उडालीच. कानस खाली पडली, बादली हिंदकळली.

"अगं, तिथं नको! तिथं गुदगुल्या होतात!"

मला वाटलं, नाटक आहे. पुन्हा लावून बघितलं. पुन्हा तेच. वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मी तिचा हात सोडत नव्हते म्हणून माझ्याच खांद्यावर डोकं आपटत होती. मी विचारलं, "कधीपासून?"

"कधीपासून काय? पहिल्यापासून!"

"मला का नाही सांगितलंस?"

डोळे पुसत ती पुन्हा खुर्चीत बसली. मीच म्हटलं, "मी विचारलं नाही."

मग ठसा घेतला. प्लास्टर घट्ट होत तापत असताना ती गुपचूप बसली, तुझ्या त्या गावातल्या म्हातारीचं बोलणं म्हणून दाखवत. दुपारी साचा ओतला, आज सकाळी ठसा फोडला. पाचही आले आहेत. दुसऱ्याच्या बाजूला एक सुरकुती आहे तीही आली आहे. साचा हातात घेतल्यावर माझा अंगठा आपोआप एका कडेवर फिरायला लागला. ती बघत होती. मी साचा टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेले. परत आले तेव्हा तिनं तो आपल्या स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवला होता, पार्सलनं नाही पाठवणार म्हणाली. परवाच्या गाडीनं निघते. नवे तीस हात झाले की तिच्या हाताशेजारी ठेवून एकेक पडताळायचा. तुझ्या कारागिरांनी नाही, तू. त्या रंगभूषावाल्या बाईला रागवू नकोस, तिला जे दिसलं ते ती बोलली.

शेवट बदललास की नाही, ते मी पडद्यावर बघून ठरवेन. तुझ्या सांगण्यावर नाही.

आता एकच विचारायचं आहे, आणि त्याचं उत्तर गोलमोल नको. ती चार-पाच वर्षांची असताना तू आलास की पंधरा मिनिटांत तिला हसवून हसवून जमिनीवर लोळवायचास. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "काय करतोस तिला?" आणि तू म्हणायचास, "काही नाही ताई, आमची गंमत." मी बाहेर यायचे तोवर तुझे हात पाठीमागं असायचे.

चौथ्या दाण्याचं तुला ठाऊक होतं का?

उलट टपाली कळव.

ताई